पुंजारामची पाठ

मनुष्यजातीच्या इतिहासात आजवर जेवढी युद्धं झाली, ती जमिनीसाठी झाली नाहीत, सत्तेसाठी झाली नाहीत आणि धर्मासाठी तर मुळीच झाली नाहीत. ती सगळी कोणी कुठं उभं राहायचं, एवढ्या एका प्रश्नावरून झाली. हे सत्य मला घनसावंगीच्या अलीकडं, गोदावरीच्या बाजूच्या एका माळावर, डिसेंबरातल्या एका सकाळी दिसलं. ते मी जमलेल्या लोकांना सांगणार होतो, पण ज्या प्लास्टिकच्या खुर्चीवर मी बसलो होतो तिचा मागचा पाय काळ्या मातीत रुतला आणि मी सत्यासकट उताणा झालो. मला उठवायला माझा भाचा कल्याण धावला. बाकी कोणी धावलं नाही. बाकीच्यांच्या हातात बंदुका होत्या, आणि बंदूक हातात असलेला माणूस पडलेल्याला उठवायला सहसा जात नाही.

माळ कल्याणचाच. पुण्यात नोकरी करता करता त्याला मातीच्या चकत्या फोडायचा नाद लागला. खेळ असा की समोरच्या खड्ड्यात एक मशीन असतं. आपण ‘सोड’ म्हणायचं, मशीन एक मातीची चकती आभाळात भिरकावतं, आणि ती खाली यायच्या आत आपण ती बंदुकीनं फोडायची. ज्यांनी हा खेळ काढला ते त्या चकतीला कबूतर म्हणतात. आमच्याकडं तिला बशी म्हणतात, कारण ती बशीसारखी दिसते. हा नाद कल्याणनं नोकरी सोडून गावाकडं आणला. परवानग्या मिळवता मिळवता त्याच्या डोक्यावरचे केस गेले, पण मैदान झालं. आणि मैदान झालं म्हणून स्पर्धाही ठेवली.

दिवसही त्यानं बरा निवडला होता. निवडणूक नुकतीच संपली होती आणि ठाण्यात जमा केलेल्या बंदुका लोकांना परत मिळाल्या होत्या. आपली वस्तू सरकारकडून परत आली की ती चालते का, हे बघावंसं वाटतंच.

पाच जण आले. प्रभावतीबाई आल्या. मालक गेल्यावर जमीन आणि बंदूक दोन्ही त्यांच्या नावावर झाली आणि त्यांच्या शेतात रानडुकरं यायची बंद झाली. यावरून काय ते समजावं. राधेश्याम आला, जालन्याचा बियाण्यांचा व्यापारी. पिवळ्या काचांचा चष्मा, हातमोजे आणि खिसेच खिसे असलेलं जाकीट घालून आला. बुद्धभूषण सर आले, ते कॉलेजात खेळ शिकवतात. पाचांत हा खेळ रीतसर शिकलेले ते एकटेच होते, त्यामुळे त्यांच्याकडं कोणाचं लक्ष नव्हतं.

लक्ष होतं ते उरलेल्या दोघांकडं. मच्छिंद्र आणि पुंजाराम. यांच्याबद्दल जरा सावकाश सांगायला पाहिजे.

दोघं एकाच गावचे, बांधाला बांध. मच्छिंद्र ऊसवाला, पुंजाराम कापूसवाला. पोळ्याच्या दिवशी मारुतीपुढच्या तोरणाखालून पहिली बैलजोडी न्यायचा मान दोघांच्याही घराण्याचा. एका मानाला दोन घराणी कशी, असं विचारू नये. एक वर्ष यांनी, एक वर्ष त्यांनी, अशी तडजोड कोणीतरी म्हाताऱ्यांनी करून ठेवली होती. भांडण फक्त यंदाचं वर्ष कोणाचं एवढ्यावर होतं, आणि ते दर वर्षी होतं.

दोन वर्षांखाली मच्छिंद्रनं बैल विकून ट्रॅक्टर घेतला. पोळ्याला तोरणाखालून ट्रॅक्टर काही नेता येईना, म्हणून त्यानं आष्टीकडून एक जोडी भाड्यानं आणली. झूल घातली, शिंगं रंगवली, बाशिंग बांधलं. जोडी तोरणापाशी आली तसा पुंजाराम आपले बैल आडवे घालून म्हणाला, “भाड्याच्या बैलाला कशाचा मान? त्याला गावाचं नाव तरी माहीत हाय का विचारा.”

सगळं गाव हसलं. हसण्यासारखंच होतं. मच्छिंद्र मात्र हसला नाही, ओरडला नाही, अंगावरही गेला नाही. ढोल थांबायची वाट पाहून अगदी हळू म्हणाला, “पुंजाराम, एक दिवस तुझी पाठ माझ्याकडं होऊ दे. मंग सांगतो.”

एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर पुरणपोळीबरोबर जिरल्या असत्या.

त्या दिवसापासून पुंजारामनं कोणाला पाठ दाखवली नाही. न्हाव्याकडं तो खुर्ची फिरवून, रस्त्याकडं तोंड करून बसायचा; दाढी कशी झाली ते त्याला घरी गेल्यावर कळायचं. लग्नात मांडवाच्या कनातीला टेकून जेवायचा. जीपमध्ये सगळ्यात मागची जागा मिळेपर्यंत दोन-दोन जीपा सोडायचा. देवळात तर त्याची फारच पंचाईत झाली. पाठ देवाकडं करता येत नाही आणि लोकांकडंही करता येत नाही, म्हणून तो मारुतीपुढं आडवा उभा राहायचा. मारुतीला त्याचा एकच गाल माहीत होता.

आणि मच्छिंद्र त्यानंतर त्याच्याशी एक अक्षर बोलला नाही. वाटेत गाठ पडली की थांबायचा, पुंजारामकडं बघायचा आणि निघून जायचा. न बोलता दोन वर्षं बघत राहणारा माणूस तुमच्या गावात असेल, तर मी काय म्हणतो ते तुम्हाला कळेल.

मग अशा ठिकाणी पुंजाराम आला कशाला? न यायची सोय नव्हती. मच्छिंद्रनं नाव आधी दिलं होतं. ‘मच्छिंद्र होता म्हणून पुंजाराम आला न्हाई’ असं एकदा पारावर झालं असतं, तर पोळ्याचा मान कायमचा तिकडं गेला असता. त्याच्या बायकोनं, सोनूबाईनं, दोन दिवस आधीपासून सांगून पाहिलं. ऐकत नाहीत म्हटल्यावर तिनं घरचा कापूस घेतला, समईच्या वाती वळते तसे दोन जाड बोळे वळले, वर मूठभर कापूस त्याच्या खिशात कोंबला आणि म्हणाली, “आवाजाला तरी घाबरू नका.” दुसरं काय घाबरण्यासारखं होतं, ते तिनं उच्चारलं नाही.

मैदानावर कल्याणनं कानावर घालायचे जाड टोप आणले होते. तिघांनी घेतले. मच्छिंद्रनं हातही लावला नाही.

“माझ्या बापानं याच बंदुकीनं डुकरं मारली. कानाला टोपरं बांधून न्हाई मारली,” तो म्हणाला. मग पुंजारामकडं मान वळवून, “यानं तर कानात सरकी पेरली. उगवली मंग वेचायला बाया लावाव्या लागतील.”

सगळे हसले. पुंजारामला ते ऐकू गेलं नाही, बोळे घट्ट होते. पण मच्छिंद्रचे ओठ हलले आणि सगळे आपल्याकडं बघून हसले, हे त्याला दिसलं. न ऐकलेलं वाक्य माणूस स्वतः तयार करतो. पुंजारामनं जे तयार केलं ते फार वाईट असावं, कारण त्याचा चेहरा मातीसारखा झाला.

समोर माळावर पांढऱ्या चुन्यानं आखलेले पाच चौकोन होते. पाच स्टँड. डावीकडून एक ते पाच. कल्याणनं त्यांच्यासाठी चिठ्ठ्या केल्या होत्या. ज्याला जो नंबर निघेल तिथून त्यानं सुरुवात करायची. जगभर असंच करतात. पण जगभर पोळा नसतो.

पुंजारामनं एक बोळा काढून हातात धरला आणि म्हणाला, “एक नंबर माझा.”

“काका, चिठ्ठी काढायची हाय.”

“चिठ्ठ्या बाकीच्यायला दे. पहिल्या जागेचा मान आमच्या घराण्याचा हाय.”

मच्छिंद्र त्याच्याकडं न बघता कल्याणला म्हणाला, “कल्याण, यंदाचं वर्ष कोणाचं हाय, ते विचार त्याला.”

“अहो काका, हा पोळा हाय का?”

“न्हाई कसा? रांग हाय, रांगेत पहिला हाय, लोक बघून राह्यले. तोरण तेवढं न्हाई.”

लोक बघत होते खरे. माळाच्या कडेला उसाचं रान होतं. तिथले ऊसतोडीवाले कोयते खाली ठेवून बांधावर येऊन बसले होते. वारा पडला होता. एरवी ऊस कधी गप्प बसत नाही. त्या सकाळी पान हलत नव्हतं.

कल्याण समजुतीनं सांगू लागला. “इथं पहिल्या नंबरात काही मान नसतो. उलट नुकसान असतं. बशी कुठून येते, किती जोरात येते, ते पहिल्याला माहीत नसतं. बाकीचे त्याचं बघून शिकतात.”

“आमच्या बैलाचंबी तसंच असतं,” पुंजाराम म्हणाला.

“जल्दी करा ना भाऊ,” राधेश्याम घड्याळ बघत म्हणाला. “मला दुकान उघडायचं हाय.”

“दोघं अर्धे-अर्धे उभे ऱ्हा,” प्रभावतीबाई म्हणाल्या.

कल्याण हताश होऊन माझ्याकडं वळला. “मामा, तुम्ही तरी काही सांगा.”

मी म्हणालो, खुर्ची बदलून मिळाली तर विचार करता येईल. तो परत त्यांच्याकडं वळला.

तेव्हा बुद्धभूषण सर पुढं आले. त्यांनी खोक्यातून पाच बशा काढल्या, उकिडवे बसले आणि त्या जमिनीवर एका रांगेत मांडल्या. वर्गात पोरांना सांगावं तसं सांगायला लागले.

“हे बघा. पहिल्यांदा प्रत्येकानं आपल्या जागेवरून पाळीपाळीनं पाच बार काढायचे. मग सगळ्यांनी उजवीकडं एक-एक जागा सरकायचं. एकवाला दोनवर, दोनवाला तीनवर. पाचवाल्याला पुढं जागाच नाही, म्हणून तो सगळ्यांच्या मागून चालत जातो आणि एकवर येऊन उभा राहतो.” त्यांनी शेवटची बशी उचलली, बाकीच्या चारांच्या मागून फिरवली आणि डाव्या टोकाला ठेवली. “असं करत करत प्रत्येक जण पाचही जागांवर उभा राहतो. आता गंमत बघा. जो एकवर सुरुवात करतो, तो पाचवर पोचतो तेव्हा खेळ संपलेला असतो. त्याला कोणाच्याच मागून जावं लागत नाही. पण बाकीचे चारही जण एकेकदा त्याच्या पाठीमागून जातात.”

ते इथं थांबले असते तरी चाललं असतं. पण शिक्षकाला वाक्य पूर्ण करायची सवय असते.

“हातात बंदूक घेऊन,” ते म्हणाले.

नदीच्या अंगाला एक टिटवी ओरडली आणि ओरडतच राहिली. पुंजाराम त्या पहिल्या बशीकडं बघत होता. मग त्यानं मान वर केली. मच्छिंद्र त्याच्याकडंच बघत होता.

“बंदूक मोडलेली असते,” कल्याण घाईघाईनं म्हणाला. “मधून उघडलेली, रिकामी. जागा बदलताना आत काडतूस ठेवायचंच न्हाई. तसा नियम हाय.”

“नियम हाय,” मच्छिंद्र म्हणाला. आणि त्या सकाळी पहिल्यांदा मनापासून हसला.

पुंजारामनं घसा खाकरला. “माझी काही जिद न्हाई,” तो म्हणाला. “एक नंबर मच्छिंद्रला द्या. यंदा बराबर त्याचंच वर्ष हाय.”

कल्याणला वाटलं, भांडण मिटलं. त्यानं तर माझ्याकडं बघून हातही जोडले. पण मी त्या बशांकडं बघत होतो. मच्छिंद्र एकवर उभा राहिला असता, तर तो एकटाच असा असता की ज्याला कोणाच्या पाठीमागून जायचं कारण पडलं नसतं. पुंजारामनं मान सोडला नव्हता, पाठ झाकून घेतली होती.

मच्छिंद्रनं ते ओळखलं की नाही, सांगता येत नाही. तो म्हणाला, “त्यानं सोडलेला मान मी उचलू? मला भाड्याचा बैल समजला काय? मला दोन नंबर दे. एक मोकळा ऱ्हाऊ दे. तिथं कोणीच उभं ऱ्हायचं न्हाई.”

“काका, पाच माणसं, पाच जागा. मोकळी कशी ठेवू?”

“सरका,” प्रभावतीबाई म्हणाल्या आणि बंदूक खांद्याला लावून एक नंबरच्या चौकोनात जाऊन उभ्या राहिल्या. “तुमच्या मानापायी माझे पोहे थंडे होऊन राह्यले. आणि माझ्या पाठीमागून ज्याला जायचं त्यानं खुशाल जावं. आमची म्हैस जाते रोज.”

दोनवर मच्छिंद्र गेला. म्हणजे तो फिरत फिरत सगळ्यात शेवटी पाचवर येणार आणि तिथून सगळ्यांच्या मागून चालत परत एकवर जाणार, हे आता ठरलं. शेवटच्या बदलीला. तोवर वाट बघायची.

पुंजारामपुढं तीन, चार आणि पाच उरले. तो एकेका चौकोनाच्या मागं काय आहे ते बघत गेला. मग त्याचे डोळे पाच नंबरवर थांबले. पाचच्या बरोबर मागं उसाची एक रिकामी ट्रॉली उभी होती. उंच, लोखंडी, जाड पत्र्याची. दोन वर्षं भिंती शोधत हिंडलेल्या माणसाला ती देवानं पाठवल्यासारखी वाटली असणार.

“मला पाच,” तो म्हणाला. जाऊन ट्रॉलीवर एकदा हात मारून बघितला आणि तिला पाठ लावून उभा राहिला.

“अहो पण काका,” बुद्धभूषण सर म्हणाले, “पाचवर फक्त पहिले पाच बार. मग सगळ्यात आधी तुम्हालाच तिथून—”

पुंजारामनं हातातला बोळा कानात घालून घट्ट दाबला होता.

तीनवर राधेश्याम, चारवर सर. कल्याण मशीनचं बटण घेऊन डाव्या बाजूला, लांब, तारेपलीकडं उभा राहिला. ऊन आमच्या पाठीमागून येत होतं, त्यामुळे ट्रॉलीच्या सावलीतला पुंजाराम सोडून बाकी चौघांच्या लांबलचक सावल्या त्यांच्या पुढं माळावर पडल्या होत्या. बंदुकांच्या सावल्या तर खड्ड्यापर्यंत गेल्या होत्या.

“सोड,” प्रभावतीबाई म्हणाल्या. बशी निघाली आणि वरच्या वर तिचा काळा भुगा झाला.

“सोड,” मच्छिंद्र म्हणाला. त्याची बशी साबूत जाऊन माळापलीकडच्या कापसाच्या रानात पडली. त्याच्या बापाच्या दोन नळीच्या बंदुकीचा आवाज मात्र असा झाला, की ऊसतोडीवाल्यांचं एक लेकरू रडायला लागलं.

शेतात माणूस बार काढतो तो एक. मग रात्र पुन्हा गप्प होते. इथं तसं नव्हतं. डावीकडून एक, उजवीकडून एक, कानाजवळच, थांबायचं नाव नाही. घणाखाली उभं राहावं तसं. पहिली पाळी संपत आली तेव्हा मी मच्छिंद्रकडं पाहिलं. त्यानं बंदूक डाव्या हातात घेतली, उजव्या हाताचं बोट आपल्या कानशिलाला लावलं आणि पुंजारामकडं बघत दाबलं.

मला वाटलं, मी चुकीचं बघितलं. पुंजारामच्या चेहऱ्यावरून कळलं, की चुकीचं बघितलं नव्हतं.

मग जागा बदलायची वेळ झाली. सगळे एक-एक घर सरकले आणि पुंजारामला ट्रॉली सोडायची पाळी आली. कल्याणनं हातानं खूण केली. पुंजारामनं मागं वळून ट्रॉलीकडं पाहिलं. गाडी निघाल्यावर सासरी जाणारी पोर पाहते तसं पाहिलं. मग मोडलेली बंदूक हातात धरून, चौघांच्या मागून, देवळात उभा राहायचा तसा आडवा आडवा चालत एकवर गेला. मच्छिंद्रच्या मागून जाताना त्यानं श्वास धरलेला लांबूनही दिसत होता. मच्छिंद्रनं वळूनही पाहिलं नाही. आपल्या पाठीमागून कोण चाललंय याची त्या माणसाला काडीची फिकीर नव्हती, आणि हेच जास्त वाईट होतं.

त्यानंतर मच्छिंद्र बदलत गेला.

आधी तो बोलायचा थांबला. कल्याणनं लांबून विचारलं, “काका, पाणी देऊ का?” उत्तर नाही. बशी चुकली की कल्याण “गेली!” म्हणून ओरडायचा; मच्छिंद्र त्या दिशेनं बघतही नव्हता. तो जबडा उघडायचा, मिटायचा, पुन्हा उघडायचा, काहीतरी कडक चावत असल्यासारखा. मध्येच भरकन मान झटकायचा. डोळे लाल झाले होते. आणि त्याचं ते ‘सोड’ चढत चाललं होतं. सुरुवातीला घरातल्या माणसाला म्हणावं तसं होतं. मग बांधापलीकडच्याला हाक मारावी तसं झालं. मग नदीच्या पलीकडच्या काठावर उभ्या असलेल्या वैऱ्याला. त्याच्या एका ‘सोड’नं पाण्याकडचे बगळे उठले आणि परत बसले नाहीत.

“मच्छिंद्र, काही होऊन राह्यलं काय तुला?” प्रभावतीबाईंनी विचारलं. त्या त्याच्या शेजारीच होत्या, आणि त्यांनी चांगलं मोठ्यानं विचारलं. मच्छिंद्र त्यांच्या तोंडाकडं बघत राहिला. मग त्यानं पुंजारामकडं हात केला, बोट कानशिलाला लावलं, आणि पुंजाराम बघतोय अशी खात्री करून दोन बोटं वर केली.

दोन.

राधेश्याम तेव्हा पाच नंबरवर, माझ्या जवळच्या टोकाला, उभा होता. त्यानं टोप कानावरून सरकवून पुटपुटलं, “मामा, दो नळी. दो साल. अब दो क्या?” मी खुर्ची थोडी मागं ओढली.

बुद्धभूषण सर सगळ्यांच्या मागून चालत आधीच एकवर गेले होते. राधेश्यामही पुढच्या बदलीला सगळ्यांना मागून ‘रामराम’ करत भराभर निघून गेला. आता मच्छिंद्र पाचवर आला. पुंजाराम तीनवर होता. पुंजारामनं त्या फेरीत एकही बशी फोडली नाही. त्याची बंदूक बशीमागं जायची आणि मान उजवीकडं.

खेळ थांबवावा असं कल्याणच्या मनात आलं असणार. पण थांबवायला कारण काय सांगणार? कानशिलाला बोट लावायला कोणत्याच नियमात बंदी नाही.

फेरी संपली. शेवटची बदली. प्रभावतीबाई पाचवर गेल्या, पुंजाराम चारवर सरकला. मच्छिंद्रनं बंदूक मोडली. खट्ट. धूर काढत जळालेलं काडतूस खाली पडलं. मी बघितलं, कल्याणनं बघितलं, बांधावरच्या लोकांनीही बघितलं: दोन्ही नळ्या रिकाम्या होत्या. तेवढं समाधान पुंजारामला मिळालं नाही, कारण त्याची पाठ मच्छिंद्रकडं होती.

दोन वर्षांत पहिल्यांदा. रुंद, पांढरा सदरा, मधोमध घामाचा डाग. एवढीशी गोष्ट त्यानं इतके दिवस लपवली होती.

मच्छिंद्र चालायला लागला. प्रभावतीबाईंच्या मागून गेला. पुंजारामच्या मागं आला. आणि थांबला.

“काका, चला पुढं!” कल्याण ओरडला.

मच्छिंद्र हलला नाही.

“मच्छिंद्र काका! थांबायचं न्हाई तिथं!”

टिटवीसुद्धा गप्प झाली होती. माळावर पुंजारामची सावली होती, तिच्या शेजारी आता दुसरी सावली येऊन उभी राहिली. मच्छिंद्र काहीतरी पुटपुटला, त्याचे ओठ तेवढे हललेले मला दिसले. पुंजारामला ऐकू आलं नाही, पण सावली त्याला दिसत होती. तो तिच्याकडंच बघत होता. त्या दुसऱ्या सावलीचा हात हळूच वर उठला आणि पहिल्या सावलीच्या डोक्याजवळ गेला.

कल्याण धावत सुटला, पण मध्ये तार होती. मी उठलो. खुर्ची माझ्याबरोबर उठली.

पुंजाराम पळाला नाही. मला हे नोंदवून ठेवलं पाहिजे. वळला असता, तर भ्याला असं झालं असतं, आणि मान त्याच क्षणी गेला असता. त्यानं मोडलेली बंदूक अलगद जमिनीवर ठेवली, ताठ उभा राहिला, हात वर नेला आणि उजव्या कानातला बोळा ओढून काढला. जे काही ऐकायचं आहे ते शेवटचं तरी नीट ऐकावं, असं काहीतरी त्याच्या मनात असावं.

मच्छिंद्र त्याच्या उघड्या कानाशी वाकला. आपण अजूनही फार हळूच बोलतोय, असं त्या बिचाऱ्याला वाटत होतं. प्रत्यक्षात त्याचा आवाज उसाच्या रानापलीकडं, नदीपर्यंत गेला.

“पुंजाराम! कोणाला कळू देऊ नको. थोडा कापूस दे ना. दोन कानांपुरता.”